पुढचं डावं चाक

भागीरथा नदीत गेली हे कळलं तेव्हा मोतीराम जीपखाली उताणा पडला होता.

दुपारची वेळ होती. दिवाळी होऊन गेली होती, तरी ऊन अंगाला लागत होतं. कोंबड्या रोज या वेळेला जीपच्या सावलीत येऊन बसायच्या. त्या दिवशी आल्या नव्हत्या. हे त्याला नंतर आठवलं. तेव्हा त्याचं सगळं लक्ष चाकामागच्या निप्पलवर होतं.

जीपचे ब्रेक खोललेले होते. चारी चाकांतले जुने रबर काढून नवे घातले की तेलाच्या नळीत हवा शिरते, आणि ती काढायला दोन माणसं लागतात. वरचा पॅडल दाबतो, खालचा निप्पल ढिली करून हवा बाहेर जाऊ देतो. या घरात वर बसायचं काम पहिल्यापासून भागीरथाचं. जंगल खात्याच्या हर्राशीत बोली लावून ही जीप घेतली तेव्हापासून. तेव्हा तिला टप नव्हता, इंजिनात उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं आणि मागच्या पत्र्यावरची 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' ही अक्षरं तेवढी शाबूत होती.

नवराबायकोचे तीन शब्द ठरलेले होते. दाब. धर. सोड. भागीरथाच्या तोंडात तंबाखू असायची, म्हणून ती बोलून जबाब देत नसे. टाचेनं खालचा पत्रा वाजवायची. एकदा वाजला म्हणजे धरलं, दोनदा वाजला म्हणजे सोडलं. आणि 'सोड' म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर कामावर पाणी, हे त्यानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिनं ते मनावर असं घेतलं की एकदा शाळा तपासणीचा साहेब आला म्हणून मोतीराम मास्तर मधेच उठून गेला, चहा झाला, शाळेच्या गप्पा झाल्या, आणि परत येतो तर ही तशीच बसलेली. पाय ताठ, मान ताठ. तंबाखू थुंकून म्हणाली, "आता सोडू का जी, का साहेबाले जेवू घालून येता?" पुढं कितीतरी वर्षं घरात कोणी कशात अडकून बसलं की 'भागीरथाचा पाय झाला' म्हणत.

या खेपेला तीन चाकं झाली आणि तेल संपलं. पुढचं डावं चाक राहिलं. सोमवारी ती प्राणहिता नदीच्या पलीकडं, भावाच्या धानाच्या कापणीला निघाली. जीप उभी होती म्हणून पायी घाटावर गेली.

"तेल आनून ठेवा. मी आल्यावर करू," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाले बसवू नका. लोकं पाय उचलतेत."

बुधवारी ती यायची होती. मोतीरामनं कागजनगरहून तेल आणलं होतं. औषधाच्या बाटलीत नळी सोडून तो तिची वाट बघत चाकाजवळ पडला होता. तेवढ्यात स्प्रिंगचे पाटे कुरकुरले आणि जीप डाव्या अंगाला जराशी बसली, ती चढली की बसायची तशी.

"आलीस? दाब," तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यापुढं पॅडलचा दांडा खाली आला.

"धर."

टाच एकदा वाजली. त्यानं पाना फिरवला. बाटलीत तेल आलं, तेलातून एक मोठा बुडबुडा वर गेला. त्यानं निप्पल आवळली. आता तिसरा शब्द म्हणायचा, तोच पलीकडच्या चाकाजवळ पाय दिसले. पुरुषाचे, टायरच्या चपला घातलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. भागीरथाचा धाकटा भाऊ चंपत.

"भाऊजी, बाई कुठी हाय?"

"वर बसली हाय ना."

चंपतनं वर डोकावून पाहिलं. "वर कोनी नाई, भाऊजी. बाई काऊन आली नाई थे विचाराले आलो मी. सोमवारपासून वाट पाहून राह्यलो."

"सोमवारीच गेली ना थे."

हे ऐकून चंपत होता तिथंच खाली बसला. त्याचं तोंड आता जीपखाली मोतीरामच्या तोंडासमोर आलं. त्या तोंडावरचा रंग उतरताना मोतीरामनं पाहिला.

"सोमवारी डोंगा उलटला," चंपत म्हणाला. "मधल्या धारीत. लोकं म्हने सारे निंगाले. मले वाटलं बाई आलीच नाई इकडून."

डोंगा घाटावरून सुटल्यावर भागीरथा खालच्या काठावरून त्यात चढली होती. घाटावर मोजलेली माणसं सगळी वर आली, तिला मोजलंच कोणी नव्हतं. इकडच्यांना वाटलं ती पोचली, तिकडच्यांना वाटलं ती निघालीच नाही.

मोतीराम जीपखालून बाहेर आला. ड्रायव्हरच्या जागेवर कोणी नव्हतं. त्यानं हात पुसले आणि चंपतबरोबर नदीकडं धावला.

*

गुरुवारी सगळे जमले. मोतीरामची थोरली बहीण रुक्माबाई निर्मलहून आली. मुलगा महिपत तहसिलीत कारकून, तो आणि सून चारुशीला मावल्याहून लाल बसनं आले. महिपत आल्यापासून बापाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. आधी तो चंपतला घेऊन पोलिसांकडं जाऊन आला, मग अंगणात उभा राहिला आणि जीपकडं बघत म्हणाला, "ही चालू असती तर माय पायी गेली नसती."

"मधल्या धारेत जीप नेत होता का रे तू?" चारुशीला हळूच म्हणाली. "डोंग्यातच बसल्या असत्या त्या."

"तू मधी बोलू नको."

"बोलू दे तिले," चंपत म्हणाला. मग त्यानंच फिरवलं, "पर महिपत खोटं नाई बोलत, भाऊजी. जीप असती तर तुमी घाटावर सोडाले गेले असते. डोंग्यात बसतानी पाह्यलं असतं. कोनाले तरी मालूम असतं."

मोतीराम ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "हो."

एवढंच म्हणाला, आणि भांडायला आलेल्यांचं भांडण तिथंच संपलं.

रुक्माबाईचा त्या गाडीवर पहिल्यापासून राग. घरात पोरगं शिकायचं होतं आणि भाऊ पेन्शनीआधीच लोखंड घेऊन आला, हे तिनं कधी सोडलं नव्हतं. ती आजवर तिच्यात बसली नव्हती. दिवस कलायला लागला तशी ती परसाकडून आली आणि अंगणातच थबकली.

"मोतीराम, गाडीचा लाल दिवा काऊन जळून राह्यला रे?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. जीपच्या मागं एकच दिवा होता, ब्रेक दाबला की लागणारा. तो लागलेला होता. आदली रात्र मोतीराम आणि चंपतनं नदीवर शोधण्यात काढली होती, आणि दिवसभर उजेडात तो कोणाला दिसला नव्हता.

"वायर चिकटली असंल," महिपत म्हणाला. "जुनं भंगार. उद्या कागजनगरच्या मिस्त्रीले देऊन टाकू. बा, तुमी आमच्यासंग मावल्याले चाला. इथी एकटे काय करता?"

"बॅटरी कालच उतरायला पायजे होती," मोतीराम म्हणाला.

"काय?"

"काल दुपारपासून जळत असंल तर. सकाळपर्यंतबी पुरली नसती."

कोणी उठून दिवा बघायला गेलं नाही. चारुशीलेनं चूल पेटवली. मधेच ती म्हणाली, "आत्याबाई, सकाळी बुद्धवंदना घेऊ का? त्रिसरण तरी म्हणू."

"कशी म्हनता?" रुक्माबाई म्हणाली. "बाई भेटली नाई अजून. भेटल्याबिगर कसं म्हनायचं गेली म्हून?"

"आत्या, चार दिवस झाले," महिपत म्हणाला.

"मले मोजता येते."

मोतीराम त्यात पडला नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दांडा खाली आला होता. टाच वाजली होती. हे तो कोणाला सांगणार होता? महिपत म्हणाला असता बापाला ऊन लागलं. म्हणून तो गप्प राहिला, पण तो दांडा डोळ्यापुढं असताना भागीरथा गेली असं त्याला म्हणता येईना.

*

शुक्रवारी सकाळी नदीवरचा एक मासेवाला तेलुगू माणूस आला. दारात उभं राहून त्यानं चप्पल काढली. गावातले तेलुगू लोक मोतीरामला पंतुलू, म्हणजे गुरुजी, म्हणत.

"पंतुलू," तो म्हणाला, "आकुपच्च चीरा."

"हिरवं लुगडं," मोतीराम म्हणाला. "कुठी?"

खालच्या अंगाला, दोन धारांच्या मधल्या रेतीवर. डोंगा तिथं जात नाही, खडक आहेत. मासेवाल्यानं लांबून पाहिलं होतं. सोबत दोन कोल्हेही पाहिले होते. हे सांगताना तो चारुशीलेकडं बघून थांबला, पण सांगितलं.

"गाडी जुंपू," चंपत म्हणाला.

"बैलगाडीनं दिवस मोडंल," महिपत म्हणाला. बोलता बोलता तो जीपकडं पाहायला लागला. आपण काल काय म्हणालो ते त्याला आठवलं असावं. "बा, जीप चालते का?"

"चालते. थांबत नाई. एका चाकाच्या ब्रेकात हवा हाय. नदीच्या घोडउतारावर पॅडल खालच्या पत्र्याले लागलं तर गाडी सरळ नदीत."

"मंग काढा हवा. मी बसतो वर. किती वेळचं काम हाय?"

"नको."

"काऊन?"

"कोनी बसायचं नाई तिथी."

महिपतचा आवाज चढला. "बा, माय तिथी पडून हाय!"

"मालूम हाय मले."

"मालूम हाय तर..."

"थे म्हनली होती, दुसऱ्या कोनाले बसवू नका."

बापाचं डोकं फिरलं असं महिपतला वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. चंपतनं मान फिरवली. चारुशीला सासऱ्याजवळ येऊन बसली.

उठली ती रुक्माबाई. आजवर जीपला हात न लावलेली ती बाई तरातरा अंगणात गेली आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाली, "मोत्या, उठ. तुझ्या या लोखंडाले मी जन्मभर शिव्या देल्या. आता कामाची वेळ आली तर तू खांबाले टेकून बसतो? कोल्हे हायत तिथी. तिले कोल्ह्याच्या पुढं ठेवून तू तिचा शब्द पाळतो का?"

मोतीराम उठला.

"महिपत नाई बसायचा," रुक्माबाई म्हणाली. "चारू बसंल. बाईचा पाय बसला होता, बाईचाच बसू दे. जाय व चारू. चप्पल काढून जाय."

मोतीराम पाना आणि बाटली घेऊन जीपखाली शिरला. बुधवारची रबरी नळी तशीच निप्पलला लावलेली होती. वर चारुशीला चढली. जीप जराही बसली नाही. त्याला ते जाणवलं. सून अंगानं हलकी आहे असं त्यानं मनाशी म्हटलं, पण सून काही इतकी हलकी नव्हती.

"दाब," तो म्हणाला.

काही झालं नाही.

"दाब ना व."

"मामाजी," वरून चारुशीलेचा आवाज आला. "मामाजी, ते आधीच दाबलेलं आहे."

महिपत म्हणाला, "स्प्रिंग तुटली असंल. पायानं वर ओढ."

"ओढलं. येत नाही. खालून कोणी... म्हणजे गच्च आहे ते."

मोतीरामनं मान वळवून दांड्याकडं पाहिलं. दांडा पुरता खाली होता. स्प्रिंग त्याच्या हातभर अंतरावर होती, शाबूत, ताणलेली. त्यानं बोटानं ती चाचपली. तारेसारखी थरथरत होती. मागं लाल दिव्याचा उजेड चाकाच्या आतल्या पत्र्यावर पडला होता, तोही त्याला तिथून दिसत होता.

मग त्याला उमगलं. बुधवारी त्यानं 'धर' म्हटलं होतं. पुढचा शब्द म्हणायच्या आत चंपतचे पाय दिसले होते. तो बाहेर आला होता, हात पुसले होते, नदीकडं धावला होता. बुधवार गेला, गुरुवार गेला. सांगितल्याशिवाय ती पाय उचलत नव्हती.

मातीवर पडल्या पडल्या त्यानं एकदा डोळे मिटले. बोललो की संपलं, हे त्याला कळत होतं. नाही बोललो तर ती तिथं धरून बसेल, आणि तिकडं रेतीवर कोल्हे.

"चारू, तुझा पाय वरच राहू दे. दाबू नको," तो म्हणाला. मग वर बघून, जरा मोठ्यानं, रोजच्या आवाजात म्हणाला, "भागीरथा, सोड."

दांडा वर आला. झटक्यानं नाही, सवयीच्या माणसानं पाय उचलावा तसा सावकाश. पत्रा दोनदा वाजला. मागचा लाल उजेड विझला.

चारुशीला म्हणाली, "मी नाही वाजवलं."

"मालूम हाय," मोतीराम म्हणाला.

आता दाब म्हणायचं होतं. चारुशीलेचा पाय तयार होता, नळी बाटलीत होती, तेल होतं. मोतीरामनं पाना खाली ठेवला. त्यानं नळी काढली, निप्पलवर रबराची टोपी बसवली आणि बाहेर आला.

"झालं का?" चंपतनं विचारलं.

"नाई. तीन चाकांच्या ब्रेकवर जाऊ. मी पॅडल दोनदा मारून उतार उतरतो. बसा."

महिपत मागं जाऊन बसला. रुक्माबाईनं घरातून पांढरं लुगडं आणलं आणि जन्मात पहिल्यांदा जीपमध्ये चढली.

*

घोडउतारावर जीप उजवीकडं ओढत होती. डावं पुढचं चाक पकडत नव्हतं, उजवं पकडत होतं. मोतीराम स्टिअरिंग छातीशी दाबून उतरला. सागाची पानं गळायला लागली होती, चाकाखाली कडकड वाजत होती. त्या आवाजाशिवाय जंगलात दुसरा आवाज नव्हता.

पहिली धार आली तशी तो थांबला. बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवणार नाही. करंटच्या डबीला प्लास्टिक बांधलं. हे सगळं हातांनी केलं, डोकं दुसरीकडं होतं. एरवी या वेळेला भागीरथा खाली उतरायची, लुगडं खोचायची, सीटमागचा बांबू घ्यायची आणि पाण्यात पुढं चालायची. बांबूनं तळ चाचपत. तो तिच्या मागं जीप घालायचा. तिला नदीचा तळ माहेरासारखा माहीत होता.

त्यानं बॉनेट लावलं आणि परत स्टिअरिंगमागं बसला. बांबू सीटमागं होता. त्यानं पाण्याकडं पाहिलं, आणि त्याचा हात गियरवर तसाच राहिला.

मागून महिपत उतरला. तहसिलीची काळी पँट त्यानं मांडीपर्यंत गुंडाळली, बूट काढून आत्याच्या पायाशी ठेवले आणि बांबू ओढून घेतला.

"कशी चालत होती माय? सरळ का वाकडी?"

"पाण्याच्या उलट, जरा तिरपी," मोतीराम म्हणाला. "बांबू आधी, पाय मागून."

"तुमी माझ्या मागून या."

महिपत पाण्यात शिरला. दोनदा अडखळला, एकदा कमरेपर्यंत गेला, मागं सरला, दुसरीकडून चाचपलं. चंपतला राहवेना, तोही उतरून त्याच्या बाजूला गेला. काल एकमेकांच्या जोरावर मोतीरामला बोलणारे ते दोघं आता एकमेकांचा हात धरून पुढं चालले होते, आणि जीप त्यांच्या मागं हळूहळू.

ती रेतीवर होती. कोल्ह्यांचे माग भोवती फिरलेले होते, पण जवळ आलेले नव्हते. हातभर अंतर ठेवून ते गोल गोल फिरले होते आणि परत गेले होते. चंपतनं ते पाहिलं, मोतीरामनंही पाहिलं.

भागीरथा उताणी पडली होती. डावा पाय दुमडलेला. उजव्या पायाजवळ रेतीत एक खड्डा होता, टाचेच्या आकाराचा, वीतभर खोल. इतकी ओली रेती इतकी खोल दबायला जोर लागतो, आणि खूप वेळ लागतो. पाय त्या खड्ड्यात नव्हता. नुकताच उचलून बाजूला ठेवावा तसा मोकळा पडला होता. खड्ड्यात अजून पाणी भरत होतं.

"मोतीराम," रुक्माबाई म्हणाली, "काय पाहून राह्यला? धर तिले."

दोघा बहीणभावांनी तिला पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलं. चारुशीलेनं तिथंच, रेतीवर उभं राहून, त्रिसरण म्हटलं. या वेळी रुक्माबाईनं अडवलं नाही. तिनंच आधी हात जोडले.

त्याच संध्याकाळी गावाबाहेर तिला अग्नी दिला. महिपतनं दिला, मोतीराम शेजारी उभा राहिला.

*

रविवारी सकाळी महिपत आवरून बाहेर आला. मिस्त्रीचं नाव त्यानं काढलं नाही, मावल्याला चला असंही म्हणाला नाही. जीपला फेरी मारली, बसून चाकामागं पाहिलं. मग आपणच वर चढला, बूट काढून पाय पॅडलवर ठेवला.

"बा, या. तुमी सांगितल्याबिगर मी पाय उचलत नाई."

मोतीराम ओसरीतून बघत होता. कोंबड्या जीपखालच्या सावलीत येऊन बसल्या होत्या. मुलाचा पाय पॅडलवर होता, चांगला भरदार पाय, आईसारखाच.

"उतर," तो म्हणाला. "बस चुकंल तुमची."

"मंग कवा करायचं?"

"करू."

बस गेली. रुक्माबाई महिनाभर राहणार होती, ती चुलीपाशी होती. मोतीरामनं पाने तेलाच्या फडक्यानं पुसले, पेटीत लावले, पेटी सीटखाली ठेवली. तेलाच्या डब्याचं झाकण आवळलं. औषधाची बाटली धुतली नाही. बुधवारचं तेल तिच्यात तसंच होतं.

पुढच्या डाव्या चाकातली हवा काढायची राहिली.